सूचना दवाखान्यापर्यंत कशी पोहोचते

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी बोधपर लिहून द्यावे, असे चिटणीसांनी सांगितले तेव्हा मी शुद्धलेखन किंवा मुलांच्या अभ्यासाच्या सवयी अशा एखाद्या विषयावर लिहीन, अशी त्यांची समजूत असावी. पण माझ्या मनात दुसराच विषय घोळत होता. मी डॉक्टर नव्हे, शिक्षक आहे. तेव्हा औषधांविषयी मी बोलणे हा आगाऊपणा वाटेल. परंतु येथे जी गोष्ट सांगावयाची आहे ती औषधापेक्षा सूचनेची आहे, आणि सूचना काढणे, फिरविणे, ती पोहोचली की नाही हे पाहणे हे आम्हा शिक्षकांचे रोजचे काम आहे.

प्रत्येक शाळेत एक सूचना-वही असते. मुख्याध्यापक तीत चार ओळी लिहितात, शिपाई ती घेऊन वर्गावर्गांतून फिरतो, शिक्षक सही करतात आणि वही कार्यालयात परत येते. व्यवस्था उत्तम आहे. पण पूर्वी मी ज्या एका शाळेत होतो तेथे तिमाही परीक्षेची वेळ बदलल्याची सूचना अशीच फिरली, आम्हा सर्वांच्या सह्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी एका तुकडीची मुले तासभर उशिरा आली. त्या तुकडीचा वर्गशिक्षक मीच होतो. शिकवीत असताना शिपाई आला, फळ्याकडे पाहत पाहत मी सही ठोकली. सही झाली होती, वाचन झाले नव्हते. मुलांचा तेवढा एक तास गेला, पुन्हा पेपर घेऊन निभावले. दवाखान्यात असा तास गेला तर तो पुन्हा घेता येत नाही.

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात परासियाच्या कोळसा खाणींच्या भागात काय घडले ते या अंकाच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. साधा सर्दी-ताप झालेली लहान मुले औषध घेऊन घरी जात, दोन-चार दिवसांत त्यांची लघवी बंद होई आणि मूत्रपिंडे निकामी होत. पुष्कळांना नागपूरला नेण्यात आले, आपल्या सौंसर-पांढुर्ण्याची माणसे दुखणे वाढले की जातात तसेच. प्रथम संशय तापाच्या साथीवर गेला, पाण्यावर गेला, उंदरांवर गेला. मूत्रपिंडाच्या तपासणीत विषबाधेची खूण दिसली तेव्हा बोट औषधाकडे वळले. सप्टेंबरअखेर जिल्हा प्रशासनाने संशयावरून विक्री थांबविली. २ ऑक्टोबरला तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेचा निर्वाळा आला की कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधाच्या एसआर-१३ या क्रमांकाच्या घाण्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आहे. ४ ऑक्टोबरला मध्य प्रदेशात त्यावर बंदी आली. तोपर्यंत आणि त्यानंतर मिळून वीसहून अधिक बालके गेली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली. छिंदवाड्याची, बैतूलची, आणि आपल्या पांढुर्णा जिल्ह्याचीही.

हे विष म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. पातळ औषधात औषधी द्रव्य विरघळण्यासाठी एक दाटसर, गोडसर द्रव लागतो. त्यासाठी ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात, आणि ते औषधाच्या दर्जाचे असावे लागते. डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यांत, मोटारीच्या ब्रेक-तेलात वगैरे वापरले जाणारे रसायन. तेही दाट, तेही गोड, आणि स्वस्त. डोळ्याला वा जिभेला दोहोंतला फरक कळत नाही, फक्त प्रयोगशाळेला कळतो. औषधात त्याची मर्यादा ०.१ टक्का आहे. ४८.६ हा आकडा त्याशेजारी ठेवून पाहावा.

आता मुद्द्याकडे येतो. या प्रकरणात दोन गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. औषधात विष मिसळले गेले हा कारखान्याचा आणि त्याच्या तपासणीचा दोष. तो गावच्या डॉक्टरला बाटली पाहून कळणे शक्य नव्हते. दुसरी गोष्ट निराळी आहे. डिसेंबर २०२३ मध्येच, म्हणजे जवळपास दोन वर्षे आधी, देशाच्या औषध महानियंत्रकांनी राज्यांच्या औषध नियंत्रकांना कळविले होते की क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रीन या दोन द्रव्यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, आणि उत्पादकांनी तसा इशारा वेष्टनावर छापावा. कोल्ड्रिफमध्ये हीच दोन द्रव्ये पॅरासिटामॉलबरोबर होती. त्या इशाऱ्याचा विषाशी काही संबंध नव्हता. इतक्या लहान मुलांना असल्या मिश्रणाचा लाभ नाही आणि अपाय होऊ शकतो, एवढेच त्याचे कारण. पण तो इशारा दवाखान्या-दवाखान्यांत पोहोचून पाळला गेला असता तर दोन-तीन वर्षांच्या लेकरांच्या हाती ती बाटली, चांगली असो की विषारी, गेलीच नसती.

कागद कोठून कोठे निघाला ते पाहा. दिल्लीहून राज्याच्या नियंत्रकाकडे, तेथून उत्पादकाकडे, उत्पादकाकडून वेष्टनावरच्या बारीक अक्षरांत. गल्लीतल्या दवाखान्यात रोज रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरच्या टेबलावर तो कागद यावाच, अशी पायरी या वाटेत नव्हती. ज्याला वृत्तपत्र वाचायला सवड मिळाली, ज्याच्या वैद्यक संघटनेच्या बैठकीत विषय निघाला, त्याला कळले. बाकीच्यांना औषध कंपनीचा प्रतिनिधी जे सांगेल तेच नवे ज्ञान. आणि प्रतिनिधी आपल्या मालाविरुद्धची सूचना घेऊन कशाला येईल?

बातमी दवाखान्यापर्यंत नेण्याचे काम मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण जुने आहे आणि ते याच विषाचे आहे. १९३७ साली अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मॅसेन्गिल कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध याच ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकले. शंभरावर माणसे मेली, त्यांत चौतीस मुले होती. त्यावेळी तेथल्या औषध खात्याने आपले जवळजवळ सर्व निरीक्षक व रसायनज्ञ, दोनशे एकोणचाळीस माणसे, रस्त्यावर काढली. ते दुकानदाराकडे गेले, डॉक्टरकडे गेले, डॉक्टरने कोणाकोणाला दिले त्या घरी गेले. वृत्तपत्रांतून आणि रेडिओवरून इशारे दिले. तयार झालेल्या २४० गॅलनांपैकी २३४ गॅलन परत मिळविले. उरलेल्या सहा गॅलनांनी एवढे बळी घेतले. पुढच्याच वर्षी तेथे नवा औषध कायदा झाला. आपल्याकडे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशाच भेसळीच्या ग्लिसरीनने चौदा रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. म्हणजे हे विष आपल्याला अपरिचित नव्हते. परासियाच्या वेळीही बंदीनंतर आशा कार्यकर्त्या घरोघर बाटल्या गोळा करीत फिरल्या. त्यांचे पाय फिरले म्हणूनच कित्येक घरांतल्या बाटल्या बाहेर आल्या. पण ते बंदीनंतर.

इंग्लंडात या कामाची एक रीत आहे ती मला शिक्षक म्हणून फार पटली. सदोष औषधाविषयीच्या सूचनेला तेथे चार वर्ग दिलेले आहेत. पहिला वर्ग म्हणजे जिवाला धोका, ताबडतोब हालचाल करा. दुसरा अठ्ठेचाळीस तासांत. तिसरा पाच दिवसांत. चौथा म्हणजे नुसती सावधगिरी. सूचना हाती पडताच पहिल्या ओळीत वर्ग दिसतो, म्हणून दवाखान्यातला कारकूनसुद्धा ती डॉक्टरपुढे आता न्यावी की सायंकाळी, हे ठरवू शकतो. आमच्या सूचना-वहीत सहलीची वर्गणी आणि परीक्षेची वेळ एकाच शाईत, एकाच पानावर असतात. माझी जी चूक झाली तिचे अर्धे मूळ तेथे होते. उरलेले अर्धे माझ्यात होते, ते नाकारीत नाही.

दवाखान्याला कळावयाच्या गोष्टी औषधांपुरत्या नाहीत. २०११ साली निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास मनाई झाली. २०१२ पासून क्षयाचा प्रत्येक रुग्ण, खाजगी डॉक्टरकडे आलेला असला तरी, सरकारला कळविणे बंधनकारक झाले. २०१४ पासून काही प्रतिजैविकांच्या विक्रीची वेगळी नोंदवही औषध दुकानदाराने ठेवावी असा नियम आला. २००२ च्या नियमावलीप्रमाणे डॉक्टरने पाच वर्षांत तीस तास शिक्षण घेत राहावे अशी अपेक्षा आहे. यांतले काही उपचाराचे, काही निव्वळ कागदपत्रांचे. दिवसाला साठ-सत्तर रुग्ण तपासणाऱ्या माणसाने हे सारे स्वतः शोधून काढावे, असे म्हणणे सोपे आहे. त्याच्यापुढे ते निवडून ठेवणारा कोणीतरी हवा.

आपल्या भागात भाषेची अडचण आणखी आहे. दिल्लीचा कागद इंग्रजीत येतो, भोपाळचा हिंदीत, आणि सावरगावच्या बाजारातली बाई ‘मेडिकल’वाल्याला मराठीत विचारते, "पोराले खोकला हाय, काही द्या." ती डॉक्टरकडे गेलेलीच नसते. म्हणून औषध दुकानदाराला, आयुर्वेद व होमिओपॅथीच्या चिकित्सकांना, आशा ताईंना वगळून केवळ पदवीधर डॉक्टरांना सूचना देऊन भागणार नाही. ३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्राच्या आरोग्य महासंचालकांनी कळविले की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली ती सामान्यतः योग्य नव्हेत. हे वाक्य मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर चिकटविणे अवघड नाही.

माझ्या घरचे सांगतो. ती बातमी आली त्या रात्री मी कपाट उघडले. अर्धवट भरलेल्या तीन बाटल्या निघाल्या. अम्मीने त्या नातवंडांसाठी जपून ठेवल्या होत्या, "कामी येतील" म्हणून. कोल्ड्रिफ त्यांत नव्हते. पण एका बाटलीचे वेष्टन ओघळलेल्या औषधाने असे विरले होते की नावाचे पहिले अक्षर तेवढे उरले होते. घाण्याचा क्रमांक नाही, मुदत नाही. उद्या त्याच घाण्याविषयी इशारा आला असता तर तो आम्हाला कळून न कळल्यासारखाच होता. बाटलीवर ‘बॅच नं.’ असे जे छापलेले असते तो हा घाण्याचा क्रमांक. एका वेळी एकत्र तयार झालेला सारा माल त्या क्रमांकाने ओळखला जातो. इशारा बहुधा औषधाच्या नावाबरोबर या क्रमांकावरच निघतो. म्हणून वेष्टन गेलेली बाटली फेकावी, आणि चालू बाटलीचे पावती-वेष्टन औषध संपेपर्यंत ठेवावे. मी त्या तिन्ही फेकल्या. अम्मी दोन दिवस नाराज होती.

ट्रस्टच्या सभासदांपुढे माझी एक मागणी आहे. ट्रस्टने एका माणसावर हे काम सोपवावे. निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. त्याने आठवड्यातून एकदा केंद्राच्या व राज्याच्या औषध खात्यांचे आणि आरोग्य खात्याचे इशारे पाहावेत, आपल्या पंचक्रोशीला लागू तेवढे निवडावेत आणि मराठीत चार ओळी कराव्यात: कोणते औषध, कोणता घाणा, काय करायचे, केव्हापर्यंत. लिहिलेला मजकूर गावातल्या एखाद्या डॉक्टरने तपासून दिल्याशिवाय तो बाहेर जाऊ नये, कारण भाषांतरातली एक चूकही जिवावर बेतू शकते. मग ते पत्रक दवाखान्यात व दुकानात नेऊन द्यावे. सही घ्यावी, आणि सही घेताना एक प्रश्न विचारावा: "हा माल तुमच्याकडे आहे का?" होय किंवा नाही, हे उत्तर सहीशेजारी लिहून घ्यावे. वाचल्याशिवाय त्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. शाळेतल्या त्या प्रसंगानंतर मी माझ्या सूचनांखाली असाच एक प्रश्न लिहू लागलो. सहकारी प्रथम हसले, आता तेही लिहितात.

सूचना फक्त वरून खाली यावी असेही नाही. महाडकडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे ग्रामीण भागात काम करीत असताना त्यांनी पाहिले की लाल विंचू चावलेली माणसे हृदयावरील परिणामाने मरतात. त्यांनी नोंदी ठेवल्या, रक्तदाबाचे प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले आणि १९८६ साली लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाला ते कळविले. तेथून ती माहिती जगभरच्या दवाखान्यांत गेली. खेड्यातल्या एका डॉक्टरचे पत्र उलट दिशेने चालले. परासियात पहिल्या दोन मुलांची लघवी बंद झाली तेव्हा ती बातमी ज्याने त्याने आपापल्या जागी ठेवली असेल तर नवल नाही. एकेका दवाखान्याला एकेक रुग्णच दिसत असतो. ते एकत्र पाहणारी जागा सरकारने गाझियाबाद येथे औषध सुरक्षेच्या कार्यक्रमाखाली केलेली आहे. औषधाचा अपाय झाल्याचा संशय जरी आला तरी डॉक्टरच नव्हे, रुग्णाचे आईबापही १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर विनाशुल्क कळवू शकतात. फोन करताना औषधाचे नाव, घाण्याचा क्रमांक, औषध केव्हा सुरू केले आणि त्रास केव्हा सुरू झाला, एवढे कागदावर लिहून हाताशी घ्यावे, आणि बाटली सांडू न देता जपून ठेवावी.