चरबी, संप्रेरके आणि मधुमेह

शरीरातील चरबी म्हणजे उरलेल्या अन्नाचे कोठार, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चरबीच्या पेशींतून रक्तात मिसळणारे लेप्टिन हे संप्रेरक शोधून काढले. तेव्हापासून चरबीकडे एक ग्रंथी म्हणूनही पाहिले जाऊ लागले.

लेप्टिन मेंदूला साठ्याची वार्ता देते व भूक आवरते. ॲडिपोनेक्टिन हे दुसरे संप्रेरक यकृताला आणि स्नायूंना इन्सुलिनची आज्ञा पाळण्यास साहाय्य करते. चरबी वाढली की लेप्टिनही वाढते, परंतु मेंदू त्याला दाद देईनासा होतो. ॲडिपोनेक्टिन मात्र उलट घटते. त्यातच फुगलेल्या पेशी दाह निर्माण करणारी द्रव्ये सोडतात. परिणामी इन्सुलिन असूनही स्नायू पुरेशी साखर घेत नाहीत आणि यकृत साखर सोडतच राहते. स्वादुपिंड अधिक इन्सुलिन तयार करून काही काळ ही उणीव भरून काढते. ते अपुरे पडू लागले की टाइप टू मधुमेह प्रकटतो.

‘आम्ही तर सडपातळ, आम्हांला कशाची भीती?’ असे पुष्कळांना वाटते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याचे उत्तर स्वतःच्याच उदाहरणाने दिले. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांच्या अभ्यासातही हेच दिसले. त्यांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो होते. आपली बाळे स्नायूंनी कृश होती. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.

आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी अर्धपोटी राहून मुलांना वसतिगृहात शिकविले. ती मुले आज खुर्चीवर बसून काम करतात. ताटात अन्न आहे, अंगाला श्रम नाहीत. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबू नये. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरहून आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक असल्यास रक्तातील साखर अवश्य तपासून घ्यावी. घरात मधुमेह असल्यास घेर कमी असतानाही तपासणी टाळू नये.

काम करणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही रक्तातील साखर ओढून घेऊ शकतो, ही आशेची गोष्ट आहे. रोज भरभर चालणे त्यासाठीच. आणि घरातील गर्भवती लेकीसुनेच्या ताटात डाळ, भाजी, दूध, अंडे यांची उणीव राहू नये, हे पाहणे पुढच्या पिढीसाठी. शिक्षणाने आपली परिस्थिती पालटली. आता शरीराचेही ज्ञान घरोघरी पोहोचवू या.