काचेच्या तळ्यातील शेजार

पाठपरिचय

मत्स्यपेटीत मासे पाळण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. सिक्लिड कुळातील मासे आणि जिवंत पाणवनस्पती यांना एकाच पेटीत सुखाने कसे ठेवता येईल, याचा विचार या पाठात केला आहे. हा माहितीपर लेख आहे. एखादे प्रचलित मत तपासताना त्याची कारणे कशी शोधली जातात, याकडे वाचताना लक्ष द्या.

पाठ

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात एखाद्या नवख्या हौशी माणसाने सिक्लिड मासे आणि हिरव्यागार वनस्पती एकत्र मागितल्या, तर दुकानदार बहुधा नकारार्थी मान हलवतो. ‘हे मासे झाडे टिकू देत नाहीत; प्लॅस्टिकची घ्या,’ असा सल्ला मिळतो. या सल्ल्यामागे अनुभव आहे, यात शंका नाही. संध्याकाळी हौसेने लावलेली रोपे सकाळी उपटून पाण्यावर तरंगताना अनेकांनी पाहिली आहेत. तरीही हा सल्ला अर्धाच खरा आहे. मासा रोप का उपटतो, हे कळले की उरलेला अर्धा भाग हाती येतो.

सिक्लिड हे माशांचे फार मोठे कुळ आहे. त्यातील दीड हजारांहून अधिक जातींचे वर्णन शास्त्रज्ञांनी केले आहे. आफ्रिका, दक्षिण व मध्य अमेरिका, मादागास्कर आणि दक्षिण आशिया हे त्यांचे प्रदेश. आपल्या पिल्लांची काळजी घेणारे पालक म्हणून हे मासे ओळखले जातात आणि रोपे उपटण्यामागचे एक महत्त्वाचे कारण नेमके येथेच आहे. अनेक जातींचे नर-मादी अंडी घालण्यापूर्वी तोंडाने वाळू उचलून खड्डा करतात, जागा साफ करतात आणि तिच्या आसपास कोणालाही फिरकू देत नाहीत. त्या जागेत रोप असले, तर ते हलवले जाते. त्यात खोडसाळपणा मुळीच नसतो. येणाऱ्या पिढीसाठी केलेली ती घराची बांधणी असते.

दुसरे कारण भुकेचे आहे. पूर्व आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या खडकाळ किनाऱ्यावर ‘म्बुना’ म्हणून ओळखले जाणारे रंगीबेरंगी सिक्लिड राहतात. खडकांवर वाढलेले शेवाळ आणि त्यातील सूक्ष्म जीव खरवडून खाणे हा त्यांचा दिनक्रम. अशा माशाला कोवळे पान दिसले, तर तो ते कुरतडणारच. त्याला रोज थोडा हिरवा आहार, म्हणजे उकळत्या पाण्यातून काढलेला पालक, काकडीची चकती किंवा सोललेला मटार दिला, तर रोपांवरचा भार बराच हलका होतो.

आता प्रश्न निवडीचा. पश्चिम आफ्रिकेतील अनुबियास आणि आग्नेय आशियातील जावा फर्न या दोन वनस्पती येथे सर्वांत भरवशाच्या ठरतात. दोघींची पाने चिवट. माशांना ती फारशी रुचत नाहीत. शिवाय त्यांना वाळूत रोवावेच लागत नाही. उलट त्यांचे आडवे खोड वाळूत पुरले, तर ते कुजते. सुती दोऱ्याने हे खोड दगडाला किंवा लाकडाच्या ओंडक्याला बांधावे. काही आठवड्यांत मुळे दगडाला घट्ट धरतात आणि दोरा कुजला तरी रोप जागचे हलत नाही. मासा वाळू कितीही उकरो, रोपाला त्याची झळ लागत नाही.

वाळूत वाढणाऱ्यांपैकी व्हॅलिस्नेरियाचे नाव आधी घ्यावे लागेल. गवतासारख्या लांब पट्ट्यांची ही वनस्पती आफ्रिकेच्या मोठ्या सरोवरांतही आहे आणि भारतातील तळ्यांतही. क्षारयुक्त, कठीण पाणी तिला मानवते. तिचे फुलणे तर थक्क करणारे आहे. मादीफूल लांब देठावर वाढत पृष्ठभागापर्यंत येते. नरफुले मात्र तळाशीच तयार होतात, देठापासून सुटतात आणि वर येऊन पाण्यावर तरंगू लागतात. तरंगत तरंगत ती मादीफुलाजवळ पोहोचली की परागीभवन होते. त्यानंतर मादीफुलाचा देठ स्प्रिंगसारखा वेटोळा होतो आणि फळाला पुन्हा खाली ओढून घेतो. घरातल्या पेटीत ती बहुधा फुलांवाचूनच पसरते: जमिनीलगत धावणारे खोड टाकते आणि एका रोपाची दहा होतात. मात्र तिला आधी रुजू द्यावे लागते. रोपे लावून तीन-चार आठवडे थांबावे, मुळांभोवती मुठीएवढे गोटे रचावेत, मगच मासे सोडावेत. पुष्कळांचा घात उतावळेपणाने होतो. रोपे आणि मासे एकाच दिवशी पेटीत जातात आणि दोष माशांच्या माथी येतो. मातीच्या लहान कुंडीत रोप लावून वर गोटे पसरणे, हाही एक साधा उपाय आहे.

पाण्याचा मेळही जमावा लागतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील एंजलफिश मूळचा मृदू, किंचित आम्लधर्मी पाण्यातला. त्याच खंडातील ॲमेझॉन सोर्ड या वनस्पतीशी त्याचे उत्तम जमते; तो तिच्या रुंद, उभ्या पानावर अंडी घालतो आणि जोडपे परांनी त्यांना वारा घालत राहते. अशा पेटीत वनस्पतीला शोभेपेक्षा मोठे स्थान आहे. ती पाळणाघर आहे.

वनस्पतींचा खरा उपयोग मात्र डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. वाळूतील व फिल्टरमधील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट बनवतात. वनस्पती ही द्रव्ये अन्न म्हणून शोषून घेतात. मलावीच्या माशांना लागणाऱ्या अल्कधर्मी पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो, म्हणून त्या पेटीत ही मदत विशेष मोलाची. पण वनस्पती आहेत म्हणून पाणी बदलणे टाळता येत नाही. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते: रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र चालूच राहते. दाट झाडीच्या पेटीत मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करू लागले, तर प्राणवायू कमी पडला आहे असे समजावे आणि रात्री हवेचा पंप चालू ठेवावा.

भारतालाही स्वतःचे सिक्लिड आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. केरळचे लोक ज्याला करिमीन म्हणतात आणि गोव्यात जो कालुंदर म्हणून ताटात येतो, तो मासा याच कुळातला. केरळने 2010 मध्ये त्याला राज्यमासा घोषित केले. तो शेवाळ आणि पाणवनस्पती आवडीने खातो, त्यामुळे झाडांच्या पेटीत त्याला ठेवणे म्हणजे बोकडाला बागेत मोकळे सोडणे. त्याचा धाकटा नातलग ऑरेंज क्रोमाइड आकाराने लहान व पिवळा-नारिंगी असतो. करिमीनच्या अंगावरील परजीवी तो टिपून खातो, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे.

पेटी आवरण्याची वेळ आली की कित्येकजण मासे आणि झाडे जवळच्या तळ्यात सोडून येतात. त्यामागे दया असते. परिणाम मात्र दयाळू नसतो. 1952 मध्ये भारतात मत्स्यशेतीसाठी आणलेला मोझांबिक तिलापिया हाही सिक्लिडच. तो नद्या-तलावांत पसरला आणि देशी माशांचा प्रतिस्पर्धी झाला. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णीने आपली किती तळी झाकली, ते वेगळे सांगायला नको. नको असलेले मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत किंवा दुकानदाराला परत करावेत. छाटलेली झाडे उन्हात पूर्ण वाळवून खतात टाकावीत.

शब्दार्थ

चिवट – सहज न तुटणारे; परागीभवन – परागकण स्त्रीकेसरापर्यंत पोहोचणे; उत्सर्जन – शरीरातून टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकणे; परजीवी – दुसऱ्या जीवावर जगणारा.

पाठगत प्रश्न

1. ‘हे मासे झाडे टिकू देत नाहीत’ हा सल्ला पाठात अर्धाच खरा का म्हटला आहे?
2. अनुबियासचे आडवे खोड वाळूत का पुरू नये?
3. ‘बोकडाला बागेत मोकळे सोडणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ सांगून तो तुमच्या वाक्यात वापरा.
4. तुमच्या परिसरातील एखाद्या तळ्यात कोणते मासे व वनस्पती आहेत, याची जाणत्या माणसांकडून माहिती घ्या आणि आठ-दहा वाक्यांत लिहा.