टेम्पो घेताना पाटे आणि शॉकअप कसे निवडावेत?

व्यापारी बंधूंनो,

टेम्पो किंवा तीनचाकी घ्यायची ठरली की आपण किंमत पाहतो, अॅव्हरेज विचारतो, टायर दाबून पाहतो, हौद्याची लांबी मोजतो. गाडीखाली वाकून पाहणारे मात्र थोडेच असतात. वास्तविक बागवानाचे टोमॅटो, मणियाराच्या बांगड्या, बेकरीवाल्याची खारी आणि अंडीवाल्याचे ट्रे ज्यांच्या भरवशावर बाजारापर्यंत पोहोचतात, ते पाटे आणि शॉकअप गाडीखालीच असतात. दहा क्रेटमागे एक क्रेट दबला, तर त्या दिवसाचा नफा बहुधा रस्त्यातच सांडलेला असतो. म्हणून या लेखात आपण हाच विषय समजून घेणार आहोत.

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुकचे उदाहरण घेऊ. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव सर्वांना परिचित आहे. येथून कोरेगाव भीमाला आले की पुणे-अहिल्यानगर महामार्ग लागतो. तेथून एकीकडे सणसवाडी, शिक्रापूर आणि पुढे शिरूर, तर दुसरीकडे पुण्याचे मार्केट यार्ड. हा झाला डांबरी रस्ता. परंतु माल उचलायला शेतात जायचे म्हणजे पाणंद रस्ता आला. काळी माती, पावसात चिखल, उन्हाळ्यात वाळून दगडासारख्या झालेल्या चाकोऱ्या. एकाच दिवशी एकाच गाडीला हे दोन्ही रस्ते तुडवावे लागतात. आपल्या भागातील व्यापाऱ्याची खरी अडचण ही आहे आणि गाडीची निवडही तिच्यावरच ठरली पाहिजे.

दोघांची कामे वेगळी

पुष्कळांचा असा समज आहे की शॉकअप वजन उचलतो. तसे नाही. वजन उचलतो तो पाटा किंवा स्प्रिंग. खड्डा आला की पाटा दबतो आणि दबलेला पाटा परत उसळतो. त्याला आवरले नाही तर गाडी वर-खाली झुलतच राहील. हे आवरण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळीत तेल असते आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. तेल त्या छिद्रांतून जोराने जाते, तापते आणि उसळीचा जोर त्या उष्णतेत संपतो. दबताना शॉकअप सहसा कमी अडवतो व परत येताना जास्त अडवतो, कारण माल उडतो तो परतीच्या उसळीत.

थोडक्यात, पाटा हा हमाल आहे आणि शॉकअप हा लगाम आहे. हमालाचे काम लगामाकडून होणार नाही आणि लगामाचे काम हमालाकडून होणार नाही.

"एक पाटा वाढवून घ्या"

नवा टेम्पो घेतला की पहिला सल्ला हाच मिळतो. हिशेब पाहा. पाटे सारख्याच जाडीचे असतील तर चाराचे पाच केल्यावर कमान सुमारे सव्वापट ताठ होते. पाट्यांची जाडी फक्त दहा टक्क्यांनी वाढवली तरी ताठपणा जवळपास एकतृतीयांशाने वाढतो. आता ताठ कमान परत येताना अधिक जोराने येते. शॉकअप मात्र जुनाच, कमी ताठ कमानीसाठी बनवलेला. तो तिला आवरू शकत नाही. गाडी भरलेली असताना ठीक वाटते, पण अर्धी भरली की उडू लागते. बांगड्या आणि अंडी फुटतात ती अशा वेळी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाटा वाढवल्याने आर.सी. बुकातील पासिंगचे वजन वाढत नाही. एक्सल, ब्रेक, टायर तेच राहतात. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून जादा वजनासाठी कलम १९४ मध्ये २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये अशी तरतूद आहे. एका खेपेचा लोभ महिन्याची कमाई खाऊ शकतो.

नेहमीच्या दिवसाचे वजन पाहा

गाडी घेण्यापूर्वी पंधरा दिवस आपल्या खेपांचे वजन वहीत लिहावे. शक्य असेल तेव्हा वजनकाट्यावर खात्री करावी. वर्षातून चार वेळा येणारी मोठी खेप डोळ्यांपुढे ठेवून गाडी घेऊ नये. महिन्यातील वीस दिवस जे वजन असते त्यावर घ्यावी. मोठ्या खेपेच्या दिवशी भाड्याची गाडी परवडते.

हलका व नाजूक माल आणि बहुतेक डांबरी रस्ता असेल, तर पुढे कॉइल स्प्रिंग असलेली गाडी मऊ चालते. २०१६ साली आलेल्या मारुती सुपर कॅरीत पुढे स्ट्रट व मागे पाटे अशी रचना आहे. माल जड आणि रोज पाणंदीचा रस्ता असेल, तर दोन्हीकडे पाटे असलेली गाडी सोसते आणि तालुक्याच्या गॅरेजमध्येही दुरुस्त होते. २००५ साली आलेला मूळ टाटा एस, ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो, तो याच रचनेचा आणि सुमारे पाऊण टन वजनाचा आहे.

पाट्यांतही दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीच्या अनेक पाट्यांच्या कमानीत पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाने थोडी उसळी आपोआप मरते. मध्ये जाड व टोकांना पातळ अशा पॅराबोलिक पाट्यांत घर्षण कमी असते. त्यामुळे गाडी मऊ चालते, पण शॉकअप खराब झाला की लगेच जाणवते. अशा गाडीत शॉकअपवर पैसे वाचवू नयेत.

साधा शॉकअप की गॅसचा?

परदेशात वाळवंटात आणि डोंगरवाटांवर चालवण्यासाठी शेजारी शेजारी दोन आसने असलेल्या उघड्या गाड्या मिळतात. त्या घेताना गिऱ्हाईक सर्वांत आधी शॉकअपच पाहते. खडबडीत वाटेवर तासन्‌तास चालून तेल तापते, पातळ होते, त्यात फेस येतो आणि शॉकअप ढिला पडतो. म्हणून महागड्या शॉकअपला तेलाचा वेगळा डबा जोडलेला असतो व नळीत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, म्हणजे फेस होत नाही. एका नळीचा असा गॅस शॉकअप फ्रान्समधील द कार्बों या अभियंत्याने १९५० च्या दशकात पुढे आणला.

आपल्याला तेवढ्या खर्चाची गरज नाही, पण धडा उपयोगी आहे. रोज तासभरापेक्षा जास्त खराब रस्ता असेल तर कमी दाबाच्या गॅसचा दुहेरी नळीचा शॉकअप घ्यावा. त्याच्या बाहेरच्या नळीला छोटा पोचा आला तरी तो चालू शकतो. एका नळीचा शॉकअप अधिक थंड राहतो, पण दगड लागून पोचा आला की दट्ट्या अडकतो. मात्र शॉकअप कोणताही असो, तो आपल्या गाडीच्या मॉडेलचाच असावा आणि पक्क्या बिलासह घ्यावा. चाकणला गॅब्रिएल इंडियाचा शॉकअपचा कारखाना आहे. इतक्या जवळ अस्सल माल बनत असताना डुप्लिकेट माल घेण्याचे कारण उरत नाही.

जुनी गाडी घेताना

१. गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजा. फरक जास्त असेल तर पाटा बसलेला किंवा तुटलेला असू शकतो.
२. शॉकअपवर धुळीचा पातळ ओलसर थर चालतो. तेलाचे ओघळ दिसले तर शॉकअप संपला असे समजा.
३. टायरवर हात फिरवा. ठिकठिकाणी खळगे लागत असतील तर चाक रस्त्यावर नाचत होते.
४. यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, शॅकल आणि बुश पाहा.
५. मोकळ्या टेम्पोचा कोपरा दाबून काही कळत नाही. नेहमीइतका माल भरून पाणंदीवर चालवून पाहा. गतिरोधकानंतर गाडी एक-दीड झोक्यात स्थिरावली पाहिजे.

गॅरेजवाल्या बंधूंसाठी

शॉकअप एकाच एक्सलवर जोडीने बदलावेत. दुहेरी नळीचा नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा दाबून-ओढून मगच बसवावा, म्हणजे आतली हवा निघते. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत, अन्यथा रबर पिळले जाऊन लवकर फाटते. गॅसच्या शॉकअपला कधीही वेल्डिंग करू नये, तापवू नये किंवा कापू नये. दाबामुळे तो फुटून जीव जाऊ शकतो.

विक्री आणि अमानत

जुनी गाडी विकण्याआधी शॉकअपचे तेल पुसून वर काळा रंग मारण्याची पद्धत बाजारात आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले असे विक्रेत्याने सांगितल्यावर त्यांनी ओले धान्य वर का ठेवले नाही असे विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाकारले. पुसलेला शॉकअप ही आजची ओली रासच आहे. दोष सांगून हजार रुपये कमी घ्यावेत. त्या गिऱ्हाइकाचा भाऊ उद्या आपल्याकडेच येईल.

तेव्हा बंधूंनो, सौदा करण्यापूर्वी आपली वजनाची वही सोबत ठेवा, गाडीखाली वाका आणि मगच बयाना द्या. अल्लाह आपल्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.