हवेचा दाब, आमचा पाऊस आणि ध्रुवाकडील बर्फ

हवेला वजन असतें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विज्ञानाच्या पुस्तकांत वाचलेलें आहे. समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलोग्रॅम भार पडतो, हेंही पुष्कळांस पाठ असेल. परंतु हा भार सर्वत्र व सदैव सारखा नसतो, आणि त्यांतील लहानशा फरकावर आपला सारा पावसाळा अवलंबून आहे, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. मुंबईंत हवेचा दाब जानेवारीपेक्षां जुलैंत सुमारें १० मिलिबारांनीं कमी असतो. हजारांत दहांची ती काय कथा! पण तेवढ्यानें वारे फिरतात.

उन्हाळ्यांत राजस्थान व सिंधकडील भूमि तापून तेथें न्यूनदाबाचा प्रदेश तयार होतो. उलट, मॉरिशसच्या दक्षिणेकडे महासागरावर हवा जड असते. जड हवा हलक्या हवेकडे निघते. मात्र पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें ती सरळ न जातां वळते, व विषुववृत्त ओलांडून नैर्ऋत्येकडून आमच्या किनाऱ्यावर येते. उत्तर गोलार्धांत न्यूनदाबाभोंवतीं वारा घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरतो. याची परीक्षा कोणासही करतां येईल. पावसाळा लागला म्हणजे नाहूर स्थानकाच्या पुलावर वाऱ्याकडे पाठ करून उभें राहावें. तोंड पूर्वेच्या मिठागरांकडे होईल, आणि डाव्या हातास, उत्तरेच्या अंगास, कमी दाबाचा प्रदेश असेल. हवाना येथील बेलेन विद्यालयाचे जेसुइट फादर बेनितो विन्येस यांनीं वारा व ढग यांच्या दिशा अशाच निरखून १८७५ सालीं येऊं घातलेल्या तुफानाची आगाऊ सूचना दिली होती.

आतां पावसाविषयीं. न्यूनदाबाच्या प्रदेशांत हवा चोहोंकडून आंत शिरते, व तिला वर चढण्यावांचून गत्यंतर नसतें. वर गेली कीं ती थंड होते व तिच्यांतील बाष्पाचे ढग बनतात. पावसाळ्यांत बंगालच्या उपसागरावर असे प्रदेश वारंवार उत्पन्न होऊन ओडिशावरून मध्य भारताकडे सरकतात. ते आमच्यापासून शेंकडों कोस दूर असले, तरी त्यांच्या दक्षिणेस व नैर्ऋत्येस सांपडलेल्या कोंकणावर पश्चिमेचा वारा बळावतो. त्याच वेळीं किनाऱ्यालगत समुद्रावर कमी दाबाचा लांबट पट्टा असल्यास सरींवर सरी कोसळतात. तो प्रदेश विरला, कीं उघाड पडते. सकाळीं ऊन व दुपारीं झड, हा आमच्या पावसाचा लहरीपणा बराचसा यांतून येतो.

२६ जुलै २००५ रोजीं हे दोन्ही योग एकदम जुळून आले. चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या पश्चिमेच्या टेकड्यांपलीकडे विहार तलावाजवळ तर त्याहूनही अधिक नोंदला गेला. आणि कुलाब्यास? तेथें ७५ मिलिमीटरही नाहीं! दोन्ही वेधशाळांमध्यें सरळ रेषेनें २५ किलोमीटरांचेंही अंतर नाहीं. मुंबईंत शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. ज्या पालकांनीं ती रात्र रुळांवरून चालत काढली, त्यांस अधिक सांगावयास नको. दाबाच्या नकाशावरून मोठा पाऊस येणार इतकें कळतें. तो कोणत्या उपनगरावर कोसळेल, हें एकट्या नकाशास सांगतां येत नाहीं. वेधशाळेची थट्टा करणें सोपें आहे, पण हा भेद थट्टेखोरांनीं ध्यानांत घेतलेला आम्हांस तरी दिसत नाहीं. ढगांवर घडोघडी नजर ठेवण्यासाठीं कुलाब्याच्या जोडीस जोगेश्वरीजवळ वेरावली येथें २०२२ सालीं दुसरें डॉप्लर रडार सुरू झालें, तें याच उणिवेपोटीं.

दाबाच्या कोणत्या अंगास आपण आहों, हा प्रश्न ध्रुवाकडेही तितकाच महत्त्वाचा आहे. अंटार्क्टिकाभोंवतीं हिवाळ्यांत समुद्राचें पाणीच गोठतें. हें बर्फ बहुधा मीटर-दोन मीटरांहून जाड नसतें, आणि तरंगतें असल्यामुळें वारा ढकलील तिकडे जातें. तेथील अमुंडसेन समुद्राच्या बाजूस न्यूनदाब जणूं ठाण मांडून बसलेला असतो. दक्षिण गोलार्धांत वारा घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरतो; म्हणून या न्यूनदाबाच्या पूर्वेस उत्तरेचा उबदार वारा बर्फास किनाऱ्याकडे रेटतो व वितळवितो. पश्चिमेस, रॉस समुद्राकडे, खंडावरील अतिथंड वारा बर्फास बाहेर लोटतो, आणि मागें उघड्या पडलेल्या पाण्यावर नवें बर्फ धरतें. न्यूनदाब एकच, पण एकीकडे बर्फ घटतें व दुसरीकडे वाढतें! एका समुद्रांत बर्फ वाढलेलें पाहून पृथ्वी तापत नाहीं असें म्हणणें, म्हणजे कुलाब्याची नोंद पाहून सांताक्रूझ कोरडें होतें असें म्हणण्यासारखें आहे. सर्व समुद्र एकत्र धरून पाहिलें, तर फेब्रुवारी २०२३ मध्यें तेथील बर्फाचा विस्तार १९७९ पासूनच्या उपग्रह-नोंदींत तोंवर कधीं नव्हता इतका आक्रसला होता. त्यांत वाऱ्यांबरोबर समुद्राच्या उष्णतेचाही वांटा होता.

गोव्यांत वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रांत या विषयाचा अभ्यास चालतो. ‘मैत्री’ व २०१२ सालीं सुरू झालेलें ‘भारती’ हीं भारताचीं अंटार्क्टिकावरील ठाणीं याच केंद्राच्या देखरेखीखालीं असून, हिवाळ्याच्या दीर्घ रात्रींतही तेथें हवेच्या नोंदी घेतल्या जातात.