तारीख घातलेला कागद

अगं पोरी, शाळेच्या बाई फोनवर "बघू या" म्हणाल्या म्हणून निर्धास्त राहू नकोस. मिरजेला नर्सिंग शिकताना सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं: चार्टवर लिहिलं नाही, तर ते केलंच नाही. इथे न्यू जर्सीत 30 वर्षं रात्रपाळ्या केल्या, आणि लेकासाठी भांडताना तीच सवय कामाला आली.

मुलाची विशेष शिक्षणासाठी तपासणी हवी ना? मग शाळेला पत्र लिही, तारीख घाल, प्रत जवळ ठेव. पत्र पोचलं की शाळेच्या सुट्ट्या सोडून, पण उन्हाळ्याची सुट्टी धरून, 20 दिवसांत त्यांना बैठक घ्यावीच लागते. फोनला असे दिवस लागू होत नाहीत. अपंग मुलाला मोफत आणि त्याला साजेसं शिक्षण द्यायचा कायदा 1975 चा आहे, तेव्हा उपकार मागतोय असं मनात आणू नकोस.

आयईपीच्या, म्हणजे मुलाच्या शिक्षणाचा आराखडा ठरवायच्या, बैठकीला एकटी जाऊ नकोस. लिहून घ्यायला मैत्रीण ने. इंग्रजी अडलं तर दुभाषा शाळेनंच द्यायचा असतो. पहिल्या बैठकीत मी न कळता मान डोलवत राहिले आणि वाचाउपचाराचे तास निम्मे झाले. मसुदा घरी आणून वाच, मग सही कर. "प्रगती होईल" हे वाक्य चालवून घेऊ नकोस. आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, कोण देणार, हे आकड्यांत हवं.

आता दवाखान्याचं नीट ऐक. न बोलणारं मूल डोकं आपटू लागलं की डॉक्टरसुद्धा म्हणतात, ऑटिझममुळे असेल. आधी कान बघायला लाव, दात बघायला लाव, पोट साफ होतंय का ते सांग. माझा लेक चार दिवस जेवला नव्हता. दाढ किडली होती. दुखलं की तो काय करतो, सुई कशी टोचू देतो, कशाने शांत होतो, औषधं कोणती, हे एका पानावर लिहून पर्समध्येच ठेव. "हा आज नेहमीसारखा नाही," एवढं तुझं वाक्यही चार्टवर लिहून घ्यायला लाव. आईइतकं त्याला कुणी ओळखत नाही.

पुण्याच्या आजोबांना सांग, नातवाच्या नावावर एफडी नको. पुढे एसएसआय, म्हणजे अपंगांना मिळणारी सरकारी मदत, घ्यायची झाली तर त्याच्या नावावर 2,000 डॉलरच्या वर शिल्लक चालत नाही; अपंगांच्या बचतीचं एबल खातं त्यासाठीच असतं. आणि 18 पूर्ण झाले की तुझी सही त्याच्यासाठी चालत नाही, म्हणून पालकत्वाच्या कागदांसाठी सतराव्या वर्षीच वकील गाठ.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला त्याला घरी ठेवून येऊ नकोस. शांत खोली आहे का, रॅम्प आहे का, हे कार्यकर्त्यांना विचार. तू विचारलंस की मागची दुसरी आईही विचारेल.

पत्र आज रात्रीच लिही. उद्या मला वाचून दाखव.