नियम वाचला ती तारीख

४ डिसेंबर २०२१ ची रात्र. मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट आणि बोर्डिंग पास माझ्या हातात ठेवला. ह्यांचे कागद मात्र तिने दोनदा उलटून पाहिले, आत जाऊन कोणाला तरी दाखवून आणले आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही जाऊ शकता. सरांना आज सोडता येणार नाही." तिकडे झ्युरिकजवळ आमच्या लेकीचे दिवस भरत आले होते. मी आयुष्यात कधी एकटी विमानात बसले नव्हते. निर्णय घ्यायला आमच्याजवळ पाऊण तासही नव्हता.

चूक त्या रात्रीची नव्हती. ती तीन आठवडे आधी, नाशिकमध्ये, द्वारकेतल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर झाली होती.

आम्ही द्वारका चौकापासून आत, काठे गल्लीच्या बाजूला राहतो. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जिथे एकमेकांना भेटतात तो हा चौक. एरवी रात्री दोनलाही इथे ट्रकचे हॉर्न ऐकू येतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या जागी रुग्णवाहिकांचे भोंगे होते. २१ एप्रिलला आमच्यापासून फार लांब नसलेल्या महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक माणसे गेली. अशा दिवसांत लस निवडायची नसते, मिळेल ती घ्यायची असते. मला एका केंद्रावर कोव्हिशील्ड मिळाली. ह्यांना दुसऱ्या केंद्रावर, त्या दिवशी तिथे जी आली होती ती, कोव्हॅक्सिन. आम्ही दोघांनी देवाचे आभार मानले. एका घरातल्या दोन वेगळ्या लसी पुढे दोन वेगळ्या वाटा होतील, हे तेव्हा कोणाच्या मनातही आले नाही.

उन्हाळा सरता सरता लेकीने गोड बातमी सांगितली आणि आम्ही चौकशीला लागलो. स्वित्झर्लंड म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याच्या पावणेतीन पटीहूनही थोडा लहान देश. नकाशावर जवळजवळ चहूबाजूंनी युरोपीय संघाच्या देशांमध्ये बसलेला, पण त्या संघात नसलेला. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकाच व्हिसात मात्र सामील. हे आधी नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. व्हिसा एक असला तरी करोनाचे नियम प्रत्येक देशाचे आपापले होते. १ जुलै २०२१ ला युरोपीय संघाचे डिजिटल करोना प्रमाणपत्र सुरू झाले, तेव्हा त्यांच्या औषध संस्थेच्या यादीत पुण्यात बनणारी कोव्हिशील्ड नव्हती आणि वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. पण त्याच आठवड्यात स्वित्झर्लंडसह काही देशांनी कोव्हिशील्ड चालेल असे स्पष्ट केले होते. "युरोपात आपली लस चालत नाही" एवढेच ऐकून आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने तिकिटे रद्द केली. ते तिथे जाऊ शकले असते.

ह्यांची कोव्हॅक्सिन मात्र खरेच अडली होती. जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली ती ३ नोव्हेंबर २०२१ ला, दिवाळीच्या ऐन दिवसांत. त्या दिवाळीत आमच्या घरी फटाके कोणी आणले नव्हते, पण आनंद तेवढाच होता. आठवड्याभरात सगळे जुळवले. व्हिसा, विमा, तिकिटे. आणि नोव्हेंबरच्या मध्यावर, मी म्हणते त्या जेवणाच्या टेबलावर, ह्यांनी मोबाइलवर नियम वाचून दाखवला: दोन्ही डोस झालेल्यांना चाचणीची गरज नाही, फक्त ऑनलाइन प्रवासी फॉर्म भरायचा. मी तो वहीत लिहून घेतला. तारीख लिहिली नाही.

२६ नोव्हेंबरला ओमायक्रॉन हे नाव पहिल्यांदा ऐकले. टीव्हीवर दक्षिण आफ्रिका, दक्षिण आफ्रिका चालले होते. आम्ही आफ्रिकेला जात नव्हतो, म्हणून आम्ही सामानाची यादी करत राहिलो. शुक्रवारी, ३ डिसेंबरला संध्याकाळी लेकीचा फोन आला. स्विस सरकारने त्याच दिवशी ठरवले होते: उद्यापासून येणाऱ्या प्रत्येकाला, लस घेतलेल्यालाही, ७२ तासांच्या आतला पीसीआर अहवाल लागेल, आणि तिथे पोहोचल्यावर चौथ्या ते सातव्या दिवसात पुन्हा एक चाचणी. आमचे विमान शनिवारी मध्यरात्रीनंतरचे. म्हणजे हाती होता एक दिवस.

शनिवारी सकाळी सातला आम्ही प्रयोगशाळेच्या दारात होतो. गर्दी होती. फॉर्म भरणाऱ्या मुलाने नावे विचारली, आम्ही मास्कमधून सांगितली, त्याने लिहिली. माझे बरोबर लिहिले गेले. ह्यांचे आडनाव आधी, त्यात इंग्रजीतले एक अक्षर कमी, मधले नाव नाही, वय सदुसष्टऐवजी चौसष्ट, आणि पासपोर्ट क्रमांकाची जागा मोकळी. त्या मुलाला मी दोष देत नाही, तो सकाळपासून उभा होता. तो कागद आम्ही तिथेच, त्याच्यासमोर वाचायला हवा होता. आम्ही वाचला तो संध्याकाळी, कसारा घाट उतरताना, मोबाइलवर अहवाल आला तेव्हा. तोही फक्त 'निगेटिव्ह' हा शब्द पाहण्यापुरता. दोघांनी हात जोडले आणि मोबाइल खिशात ठेवला.

काउंटरवर त्या मुलीने अहवाल पासपोर्टशेजारी ठेवला, आणि ती दोन वेगळी माणसे होती. त्यात ह्यांच्या लसीच्या प्रमाणपत्रावर नाव आधारवरचे, म्हणजे तिसऱ्याच तऱ्हेचे. प्रयोगशाळेचा फोन रात्री कोणी उचलला नाही. मी रडले, विनवण्या केल्या. आज सांगते, त्या मुलीच्या हातात काही नव्हते. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर त्याला परत आणायचे काम विमान कंपनीवर येते, वर दंडही होतो. म्हणून त्या कंपन्या 'टायमॅटिक' नावाच्या एका संगणकीय यादीत त्या क्षणाचा नियम पाहतात आणि त्याबाहेर जात नाहीत. तुमच्या वहीत काय लिहिले आहे, दूतावासातल्या कोणी मागच्या महिन्यात काय सांगितले, याला तिथे किंमत नसते. वाद घालण्यात गेलेली मिनिटे आमच्या उपयोगाची होती. त्या वेळात बॅगा बदलून घ्यायला हव्या होत्या.

कारण हे म्हणाले, "तू जा. लेकीला तू हवीस." आणि मी गेले. माझी रक्तदाबाची गोळी ह्यांच्या बॅगेत राहिली, लेकीसाठी केलेला डिंक-खारकांचा डबाही. विम्याचा कागद दोघांचा एकत्र, तोही ह्यांच्या फाइलमध्ये. जोडप्याने प्रवास करताना आपण सामान घराचे म्हणून भरतो, माणसाचे म्हणून भरत नाही. आता आम्ही प्रत्येकाच्या हातातल्या पिशवीत त्याची औषधे, त्याचे कागद, लेकीचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून ठेवतो, दोघे शेजारी बसणार असलो तरी. (आणि साजूक तुपाची बरणी मुळीच नेऊ नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे.)

नऊ तासांचा तो प्रवास मी कसा केला ते लिहीत नाही. झ्युरिकला मात्र कोणी अडवले नाही. लेकीने भरलेल्या फॉर्मचा क्यूआर कोड दाखवला, अहवाल दाखवला, संपले. मला वाटले, आता सुटलो. पण देशात शिरायचे नियम वेगळे आणि देशात वावरायचे वेगळे, हे तिथे गेल्यावर कळले. १३ सप्टेंबरपासून स्वित्झर्लंडमध्ये उपाहारगृहाच्या आत बसायलाही करोना प्रमाणपत्र लागत होते, आणि आपल्या कोविनच्या प्रमाणपत्रावरचा कोड त्यांच्या यंत्राला वाचता येत नव्हता. बाहेरून लस घेऊन आलेल्या पाहुण्याने ३० फ्रँक भरून तिथले प्रमाणपत्र मागायचे आणि ते येईपर्यंत थांबायचे. उपाहारगृहाशी मला काय करायचे होते? पण लेक जिथे दाखल झाली त्या दवाखान्यानेही भेटायला येणाऱ्यांकडून तेच मागितले. माझा अर्ज अजून मंजूर व्हायचा होता. नातू झाला तेव्हा मी दाराबाहेर, बर्फात, जावयाच्या मोबाइलवर त्याचा चेहरा पाहत उभी होते. सहा हजारांहून अधिक किलोमीटर आले आणि शेवटच्या पन्नास पावलांवर अडकले. तो अर्ज नाशिकहून निघण्याआधीच करता आला असता. आम्ही ती माहिती शोधलीच नाही, कारण आम्ही फक्त "आत घेतात का" एवढेच विचारत होतो.

हे चार दिवसांनी आले, नवा अहवाल घेऊन. मधल्या काळात त्यांनी लसीच्या प्रमाणपत्रावरचे नाव दुरुस्त करून घेतले. कोविनवर ती दुरुस्ती एकदाच करता येत असे, म्हणून त्यांनी शेजारच्या मुलाला बसवून पासपोर्ट उघडा ठेवून एकेक अक्षर वाचत ती केली. पासपोर्ट क्रमांक आणि पूर्ण जन्मतारीखही जोडली. परदेशात जाणाऱ्यांसाठी ही सोय तोवर झालेली होती, आम्हालाच ती ठाऊक नव्हती. गंमत नव्हे, मला खरेच वाईट वाटते: देशाचे पासपोर्ट जिथे छापले जातात ती नाशिकरोडची प्रेस आमच्या चौकातून पुणे रस्त्याने सरळ गेले की लागते. त्या कागदाचे मोल आम्हाला कळायला हवे होते.

नावाचा हा घोळ मराठी घरांत फार आहे. आपल्याकडे नावात नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव येते, लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते, कित्येकींचे नावही बदलते. रेशनकार्डावर एक, बँकेत दुसरे, आधारवर तिसरे. गावात सगळे ओळखतात म्हणून काही अडत नाही. परदेशाच्या सीमेवर तुम्हाला कोणी ओळखत नाही, तिथे पासपोर्टवरचे नाव हेच तुमचे नाव. तिकीट, विमा, चाचणीचा अहवाल, लसीचा दाखला, सगळे त्या नावाने, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने हवे.

परतताना पुन्हा वेगळे नियम. भारताने १ डिसेंबरपासून सगळा युरोप जोखमीच्या यादीत टाकला होता. निघण्याआधी ७२ तासांतली चाचणी, 'एअर सुविधा' या संकेतस्थळावर अर्ज, मुंबईत उतरल्यावर चाचणी, सात दिवस घरात बंद आणि आठव्या दिवशी पुन्हा चाचणी. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात परतलो तेव्हा आम्ही हे सगळे केले. १४ फेब्रुवारीला भारताने ती जोखमीची यादीच रद्द केली. १७ तारखेला स्वित्झर्लंडने आपले बहुतेक निर्बंध उठवले. आमच्या एका प्रवासाभोवती अडीच महिन्यांत इतक्या वेळा नियम बदलले. त्यात कोणाचा लहरीपणा नव्हता, विषाणू बदलत होता आणि सरकारे त्याच्या मागे धावत होती. पण त्यामुळेच "तो मागच्या महिन्यात गेला, त्याला काही विचारले नाही" हा सल्ला सगळ्यात धोक्याचा होता. सांगणारा खोटे बोलत नसतो. तो त्याच्या तारखेचे खरे सांगत असतो.

आज हे कागद कोणी मागत नाही. तरी लिहिते आहे, कारण नियम बदलायचे थांबलेले नाहीत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकात नोंद करायला सुरुवात झाली आहे. १८० दिवसांत ९० दिवस ही मुदत आता यंत्र मोजते. नातवासाठी "आणखी चार दिवस राहू" म्हणणाऱ्या आजी-आजोबांनी परतीची तारीख त्या हिशेबाने धरावी. केनियाला सफारीसाठी जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी, नाहीतर परतल्यावर भारतच त्यांना सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतो. शेंगेनच्या व्हिसासाठी विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो, आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत तीन महिने तरी उरलेली असावी लागते. विमान ज्या देशात बदलायचे त्या देशाचाही नियम पाहा. पाहायचे ते त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर: तिकीट काढताना, निघायच्या आठवड्यात आणि निघायच्या दिवशी सकाळी. दर वेळी शेजारी तारीख लिहा.

आणि ज्यांचे मुलगा-सून किंवा लेक-जावई बाहेर आहेत त्यांना माझी विनंती आहे. जायचे अजून ठरले नसले तरी आज रात्री जेवणे झाली की पासपोर्ट, आधार आणि लसीचे दाखले टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. चष्मा लावा, आणि इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर मोठ्याने वाचा. एकाने वाचायचे, दुसऱ्याने तपासायचे. फरक सापडला तर उद्याच दुरुस्तीला जा.