अलामत कुठं तुटली?

इंजिनिअरिंगला असलेली शेजारची मुलगी नागपुरातल्या मनीषनगरच्या रेल्वे फाटकावर सुचलेल्या ओळी घेऊन आली होती. निवृत्त मराठी शिक्षक असलेल्या सरांनी चष्मा लावून वही उघडली.

फाटकापाशी कधीची थांबले आहे
रोज मी माझ्या मनाशी भांडले आहे

“वृत्त चोख आहे,” सर म्हणाले. “शेवटी ‘आहे’ जसंच्या तसं येतं, तो रदीफ. त्याआधी ‘थांबले’, ‘भांडले’, हे काफिये. पहिल्या शेराच्या दोन्ही ओळींत ते आले, म्हणून हा मतला. पुढं फक्त दुसऱ्या ओळीत आणायचे.”

“आणि शेवटच्या शेरात कवीचं नाव आलं की मक्ता, माहीत आहे,” तिनं घाईनं संपवलं. “पण सर, इतकं मोजूनमापून लिहिलं तर मनातलं मरत नाही का?”

सरांनी पुढच्या शेरावर बोट ठेवलं. ‘मी घराच्या उंबऱ्याशी राहिले आहे.’ “इथं काय बिघडलं?”

“‘ले’ तर जुळलं!”

“त्याच्या आधीचा स्वर बघ. थांबले, भांडले, तिथं ‘अ’. राहिले, तिथं ‘इ’. ही अलामत. मतल्यात शब्द दिलास आणि लगेच मोडलास.”

“एवढ्याशा स्वरानं काय होतं?”

“काय होतं?” सर उखडले. “दोन ओळी जुळल्या की गझल म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून राहिले सगळे! एका संमेलनात मी हे बोललो, तर माझ्या हातचा माईकच घेतला. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक, त्यांनी १९३३ साली ‘गज्जलांजलि’ हा गझलांचा संग्रह दिला. सुरेश भट अमरावतीचे, पुढं नागपूरचे झाले. १९७४ मध्ये ‘रंग माझा वेगळा’, १९८३ मध्ये ‘एल्गार’ हे त्यांचे संग्रह आले. एवढा मोठा कवी, पण नवख्यांसाठी बसून ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. इथं रेशीमबागेत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. तिथं टाळ्या वाजवायला गर्दी, बाराखडी वाचायला कोणी नाही!”

मुलगी गप्प राहिली, पण तिची शंका हटेना. “तरी सर, मनातलं...”

“मुशायऱ्यात शायर पहिली ओळ दोनदा का म्हणतो? समोरचे काफियाची वाट बघत असतात. मतल्यानं त्यांच्या कानात स्वर भरून ठेवलेला असतो. तो चुकला की दाद तिथंच अडते. मनातलं पोचायचं कसं मग?”

तिनं ‘राहिले’ खोडलं. बराच वेळ पेन चावून लिहिलं, ‘उंबऱ्याशी रात्र सारी जागले आहे.’

सरांनी ओळ दोनदा वाचली. “आधी तू नुसती उभी होतीस. आता रात्र आली.”

“म्हणजे नियमामुळं आली?”

“शोधलंस म्हणून आली. नियमानं शोधायला लावलं.”

हे तिला पूर्ण पटलेलं दिसलं नाही. वही बंद करत तिनं विचारलं, “मग झाली ना गझल?”

“नाही. किमान पाच शेर लागतात. तुझे दोन झालेत.”